गुडघाभर पाणी

"बाबा, मी आज समुद्रात अडकले होते. आता बरी आहे. आधी नीट ऐका, आणि आईला एवढ्यात सांगू नका," आकांक्षा म्हणाली, आणि गंगाधरने सगळ्यात आधी काय केलं असेल तर हातातला चहाचा कप खिडकीच्या कट्ट्यावर अगदी सावकाश ठेवला. कप खाली टेकेपर्यंत काही घडलेलं नसतं, असं त्याला वाटलं असावं. कमल आत देवापुढे होती. सोमवार, त्यात एकादशी, म्हणजे तिची पूजा आज लांबणार होती. खाली लालबागच्या रस्त्यावर गणपतीच्या मांडवांचे उरलेसुरले बांबू ट्रकात चढवत होते आणि त्यांचा खणखणाट चौदाव्या मजल्यापर्यंत येत होता. तिकडे कॅनडात, नोव्हा स्कोशियात, अजून रविवारची रात्र होती. लेकीने व्हिडिओ बंद ठेवला होता. व्हिडिओ बंद म्हणजे रडून झालेलं आहे, एवढं पाच वर्षांच्या फोनांमधून तो शिकला होता.

घडलं ते असं. सुट्टी म्हणून ती एकटीच गाडी काढून मायनस बेसिनच्या किनाऱ्यावर गेली होती. बेसिन म्हणजे एक मोठी खाडीच. ओहोटीला तिथलं पाणी इतकं मागे जातं की इथे समुद्र होता यावर विश्वास बसू नये. मागे उरतो तो लाल चिखल, लाल खडक, पाण्याने बुंध्याशी कोरून काढलेले सुळके आणि त्या सुळक्यांच्या डोक्यावर तग धरून राहिलेली चार-दोन झाडं. लोक समुद्राच्या तळावर फिरायला येतात. भरती-ओहोटीच्या वेळा किनाऱ्यावरच्या फलकावर लिहिलेल्या असतात, आणि त्या तिने वाचल्या होत्या. चालता चालता तिला चिखलात बारीक भोकं दिसली, तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, असतात तशी. तिथे शिंपले परवान्याशिवाय काढायचे नसतात, म्हणून नुसती बघत बघत ती पुढे गेली. पाणी फिरल्याचं, भरती लागल्याचं तिला दिसलंही होतं. पण ते लांब होतं, घोट्यालाही लागलं नव्हतं, आणि डोक्यात गावच्या खाडीत बाबांनी शिकवलेलं पक्कं बसलेलं होतं की गुडघ्याला लागलं की निघायचं. मग ती सहज वळली, तर मागची वाट नव्हती. किनारा आणि ती यांच्यामधल्या खोलगट भागात पाणी केव्हाच शिरलं होतं, जरासुद्धा आवाज न करता. ती एका खडकावर चढली. खडक लहान लहान होत गेला. शेवटी वरच्या कड्यावरून कुणीतरी पाहिलं आणि अग्निशमन दलाची होडी आली. होडीतल्या माणसाने तिच्या अंगावर ब्लँकेट घातलं आणि न रागावता विचारलं, की फलक वाचला नव्हता का. वाचला होता, ती म्हणाली. त्यापुढचं तिला इंग्रजीत सांगता आलं नाही.

"तुम्हाला दोष देत नाहीये, बाबा," ती म्हणाली. तोवर गंगाधरच्या मनात दोषाचा विचार आलाही नव्हता. ती म्हणाली तेव्हा आला आणि ठाण मांडून बसला. आत कमलने घंटी वाजवली. "बाबा, परत येऊ का मी?" तिने विचारलं. "कायमची. लगेच नका सांगू. मी झोपून उठले की फोन करते. तुम्ही म्हणाल तसं करीन." 'तुम्ही म्हणाल तसं' हे शब्द या मुलीच्या तोंडून त्याने कधी ऐकले नव्हते. कॉलेज तिने निवडलं, नोकरी तिने निवडली, देशही तिनेच निवडला. बापाला विचारलं ते नेहमी ठरवून झाल्यावर, आणि आपल्याला हरकत घ्यायला वेळच मिळत नाही असं तो लोकांना हसून सांगत असे. आज ती खरोखर विचारत होती. तिची सकाळ होईल तेव्हा इथे ऊन उतरायला लागलेलं असेल. तेवढा वेळ त्याच्यापाशी होता. 'ये' म्हटलं तर ती येईल. भेदरलेली आहे, येईलच. आणि खरं सांगायचं तर ती गेल्यापासून गंगाधरला दुसरं काहीच नको होतं.

कॅनडा हा शब्द त्याच्या आयुष्यात तिच्या आधीपासून होता. रे रोडला लाकडाच्या वखारीत त्याने उमेदीची सगळी वर्षं काढली. आधी बर्मा सागाचे ओंडके यायचे, मग मलेशियाचं लाकूड, आणि शेवटी शेवटी कॅनडाचं पाइन: पांढरट, हलकं, टोकाला शिक्का मारलेलं. करवत फिरली की त्याला गोडसर वास सुटे. हे झाड कुठेतरी उभं होतं, त्याच्यावर बर्फ पडत होता, असं तेव्हा त्याच्या मनातही आलं नाही. लाकूड म्हणजे घनफूट आणि भाव. आकांक्षा गेली आणि मग तो फोनवर नकाशा उघडून बसायला लागला. नोव्हा स्कोशिया हा कॅनडाच्या पूर्व टोकाला अटलांटिकमध्ये आडवा पडलेला प्रांत, एका चिंचोळ्या मानेने बाकीच्या देशाला कसाबसा धरून राहिलेला. तिकडचे लोक त्याला शेवंडीच्या, म्हणजे लॉबस्टरच्या, आकाराचा म्हणतात, असं तिने सांगितलं तेव्हा गंगाधरला तो लगेच दिसला. आपल्या शेवंडीला नांग्या नसतात आणि तिकडच्या शेवंडीला असतात, एवढाच काय तो फरक. त्या प्रांतात कुठेही उभं राहा, समुद्र तासाभराच्या वाटेवर. याचं त्याला फार समाधान वाटलं होतं. एवढ्या मोठ्या देशात पोरीने बरोबर समुद्रकाठ गाठला, याचं श्रेय तो मनातल्या मनात स्वतःकडे घ्यायचा.

ती सफरचंदांच्या पेट्या भरणाऱ्या एका कंपनीत माल तपासायच्या कामाला होती, आणि रविवारी हिंडायची. तिच्या फोटोंतून त्याला त्या प्रांताच्या दोन बाजू हळूहळू ओळखीच्या झाल्या. अटलांटिककडची बाजू ग्रॅनाइटची, धुक्याची, बर्फाच्या युगात कुठून तरी घरंगळत आणून टाकलेल्या धोंड्यांची. तिथे झाडं वाऱ्याने खुरटलेली. आतली बाजू फंडीच्या उपसागराची. तिथे लाल दगडावर काळा कातळ बसलेला, थेट आपल्यासारखा, एकेकाळच्या लाव्हाचा. तो फोटो त्याने मोठा करकरून पाहिला होता. त्यातली एक शिळा उचलून शिवडीच्या किल्ल्याला लावली असती तर कुणाला कळलं नसतं. एकदा तिने बांध दाखवले. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी तिथे आलेल्या फ्रेंच शेतकऱ्यांनी खाऱ्या दलदलीला मातीचे बांध घातले, आणि बांधाच्या पोटातून लाकडी नळ काढून त्याला झडप बसवली. ओहोटीला आतलं गोडं पाणी बाहेर जातं, भरती आली की झडप आपली आपण मिटते. ही तर गावच्या खाजणातली उघाडी, असं दोघं एकदमच म्हणाले होते. गंगाधरच्या आजोबांनी असल्याच उघाडीवर रात्री जागवलेल्या होत्या. कोण कुठचे ते फ्रेंच शेतकरी, पण त्या दिवशी त्याला ते भाऊबंद वाटले.

आणि मग पाणी. तिथली भरती जगातली सगळ्यात उंच, पन्नास फुटांपर्यंत चढणारी. ते तिकडे आपला चौथा मजला बुडवतं, असं गंगाधर लिफ्टमध्ये भेटेल त्या शेजाऱ्याला सांगे. उपसागर नरसाळ्यासारखा निमुळता होत जातो, त्यामुळे आत शिरलेल्या पाण्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. नद्या दिवसातून दोनदा उलट्या वाहतात. हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. गावी किनाऱ्यावरच्या पोराटोरांना येतो तो हिशेब, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, त्याने आकांक्षाला लहानपणीच शिकवला होता. पहिल्याच उन्हाळ्यात तिने तो तिकडे करून पाहिला आणि तो चक्क लागू पडला; तिकडच्या घड्याळात तास-दीड तास पुढे धरला की झालं. "चंद्र एकच ना, बाबा," ती म्हणाली होती. त्या वाक्यावर तो आठवडाभर हवेत होता. मुलीला द्यायला त्याच्यापाशी फारसं काही नव्हतं, आणि जे होतं ते तिथे, बर्फाच्या देशातसुद्धा चाललं होतं. आता खिडकीशी उभं राहिल्यावर त्याच्या ध्यानात आलं की चूक तिथेच झाली. तिथी चालली म्हणून गुडघाही चालेल असं दोघांनी न बोलता धरून टाकलं. चंद्र एक असतो, पण जमीन एक नसते. गावच्या खाडीत पाणी सगळीकडून सारखं चढतं, समोरून येतं, पायाला सांगून येतं. तिकडचं आधी मागे जाऊन उभं राहतं.

"चेडवाचो फोन इल्लो?" कमलने पूजेवरून उठत विचारलं. बरी आहे म्हणाली, सहज केला होता, असं त्याने सांगितलं, आणि कमलने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग शिवडीला जाऊन येतो म्हणत त्याने चपला घातल्या. सोमवारी शिवडीला काय काम, असं तिने विचारलं. जुन्या दोस्ताला, धम्मपालला भेटून येतो म्हणाला. पितृपक्षात कुणाला काही शब्द देऊन येऊ नका, एवढं तिने बजावलं. हे ती दर वर्षी म्हणते, पण आज ते त्याला लागलं. शब्द तर संध्याकाळी द्यायचाच होता.

तो चालतच निघाला. ऊन होतं, पण चालताना विचार करावा लागत नाही, विचार आपला आपण होतो, अशी त्याची समजूत होती. परळच्या बाजूने जाताना त्याला ती दिसत राहिली. आठ-नऊ वर्षांची, मे महिन्याच्या सुट्टीत, फ्रॉक कमरेला खोचून देवगडच्या खाडीत त्याच्यापुढे चालणारी. पायाच्या अंगठ्याने चिखल चाचपून तिसरी आहे की दगड हे ती त्याच्याआधी ओळखायची. पाणी फिरलं की ती घाबरून मागे बघायची आणि तो सांगायचा, अजून आहे वेळ, गुडघ्याला लागू दे. त्याच्या आईने त्याला हेच सांगितलं होतं. त्यात शहाणपणापेक्षा हाव जास्त होती, टोपली भरायची हाव, हे त्याला आज चालताना प्रथम कळलं. पण त्या अर्ध्या तासाच्या हावेतच सगळी मजा होती हेही खरं. पाणी पोटऱ्यांवर चढतंय, बाप शेजारी उभा आहे, आणि भीती वाटायचं काही कारण नाही. ती काल खडकावर बसली तेव्हा तिने शेजारी कुणाला पाहिलं असेल, असा विचार आला आणि तो रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर जरा टेकला.

शिवडीच्या धक्क्यावर पोहोचला तेव्हा ओहोटी पुरी होत आली होती. रोहित पक्षी यायला अजून अवकाश होता, त्यामुळे कॅमेरेवाले नव्हते. नुसता करडा चिखल पसरला होता, त्यात एका अंगावर कलंडलेली जुनी गलबतं, आणि त्या सगळ्यावरून पलीकडे उरणच्या दिशेने निघून गेलेला नवा पूल. पुलावरच्या गाड्यांना खाली पाणी आहे की चिखल याचा पत्ताही नसणार. गंगाधर चिखलाकडे बघत राहिला. पुढे, जिथे पाण्याची रेघ होती, तिथे दोन बायका वाकून काहीतरी वेचत होत्या. त्यांच्या मागे कुठे खोलगट भाग आहे का, हे त्याचे डोळे आपोआप शोधू लागले. आजवर हजार वेळा हा चिखल पाहिला, पण माणसाच्या मागे बघायचं कधी सुचलं नव्हतं.

धम्मपाल जवळच्या गोदामात ट्रकांची नोंद ठेवायच्या कामाला होता. वखारीत दोघांनी बरोबर दिवस काढलेले. तो नायगावच्या चाळीतला, बोलायला रोखठोक. गंगाधरने त्याला सगळं सांगितलं, फक्त मुलगी एका ओळखीच्याची म्हणून सांगितली. धम्मपालने डबा उघडून अर्धी चपाती त्याच्यापुढे केली. एकादशी असून गंगाधरने ती खाल्ली, हे त्याला खाऊन झाल्यावर कळलं.

"तुझ्या ओळखीच्याला काय वाटतं?" धम्मपालने विचारलं.

"त्याला वाटतं, यावी."

"मग त्याने ते गिळावं. पोरगी सायकलवरून पडली म्हणून सायकल काढून घेतो का आपण? ती घाबरलीय म्हणून विचारतेय. महिनाभराने घाबरलेली नसेल, आणि इकडे बसून बापाकडे बघत असेल." मग त्याने डब्याचं झाकण लावलं. "आकांक्षाला दुखापत नाही ना रे झाली कुठे?"

नाही, गंगाधर म्हणाला. दोघं मग बराच वेळ ट्रकांविषयी बोलले.

परतताना त्याने बस धरली. धम्मपालचं म्हणणं बरोबर होतं. ते त्याला शिवडीला जायच्या आधीच माहीत होतं, कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं इतकंच. खिडकीशी बसून त्याने वाक्य जुळवलं. घाबरू नकोस. तिथेच राहा. तिथलं पाणी तिथल्या माणसांकडून शिकून घे. चांगलं वाक्य होतं, शहाण्या बापाचं. ती जायला निघाली त्या दिवशीही तो असाच शहाणा होता. मंडळाच्या फळ्यावर तिचं अभिनंदन लिहिलं होतं. विमानतळावर कमल कोकमाच्या पिशव्या पुन्हा पुन्हा बांधत होती, आणि तो पासपोर्ट वेगळ्या कप्प्यात ठेव, पोहोचल्यावर फोन कर, असं काहीबाही सांगत होता. सगळे खूश होते. आकांक्षा आत शिरताना एकदा वळली आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली, तेव्हा त्याने हाताने तिला पुढे हो असं सांगितलं, मागे लोक खोळंबलेत म्हणून. मुलीला अडवणारा मागासलेला बाप आपण नाही, याचा त्याला तेव्हा अभिमान वाटला होता. घरी येऊन तो तापाने दोन दिवस झोपला, आणि कमलने त्याला विमानतळावरच्या एसीला बोल लावला.

फोन आला तेव्हा कमल स्वयंपाकघरात वऱ्याचे तांदूळ निवडत होती. या वेळी व्हिडिओ चालू होता. तिचे केस ओले होते, डोळे सुजलेले पण स्वच्छ, आणि मागच्या खिडकीत तिकडची सकाळ, निळसर काळी झाडं आणि त्यांच्या मागे धुकं. गुडघ्याला खरचटलेलं तिने आपण होऊन दाखवलं. मग फोन उशीला टेकवून ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली, शाळेत निकाल ऐकायला बसायची तशी. "बोला, बाबा," ती म्हणाली.

गंगाधरने वाक्य आठवलं. घाबरू नकोस, इथून सुरुवात होती. त्याने तोंड उघडलं.

"ये," तो म्हणाला. "ये परत. तू मला इथे हवी आहेस. तू गेलीस तेव्हाही मला तू जायला नको होतीस."

म्हणून झालं आणि त्याला धक्काच बसला. तिकडे ती हलली नाही. फोन अडकला की काय असं त्याला क्षणभर वाटलं, पण तिच्या मागे धुक्यातून एक गाडी सरकत गेली. "हे तुम्ही कधीच म्हणाला नव्हता," ती शेवटी म्हणाली. तिने विचारलं नव्हतं, असं तो पुटपुटला. तेव्हा विचारलं असतं तर काय म्हणाला असता, असं तिने विचारलं, आणि त्याने खरं ते सांगितलं, की जा म्हटलं असतं. यावर ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे पुन्हा भरून आले.

"मी त्या खडकावर होते ना, तेव्हा मला पाण्याची भीती नंतर वाटली," ती हळूहळू बोलू लागली. "आधी वाटलं, आता हे घरी कळलं तर सगळे म्हणतील सांभाळून राहा गं, आणि फोन ठेवतील. तुम्ही सगळ्यांनी मला इतकं छान पाठवलंत, बाबा, की परत यायला जागा ठेवलीच नाहीत. इथे टिकायलाच हवं, नाहीतर कुठे जाणार, असं पाच वर्षं वाटत होतं. रोज सकाळी उठले की तेच." तिने नाक पुसलं. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल होत गेलेलं त्याला इथून दिसलं. "आता राहते मी," ती म्हणाली. "राग नका मानू. आता इथे राहता येईल मला. ये म्हणालात ना, तेवढंच हवं होतं."

राग नाही, गंगाधर म्हणाला, आणि खरंच नव्हता. त्याला एकाच वेळी फार आनंद झाला आणि फार वाईट वाटलं, आणि दोन्ही इतकं शेजारी शेजारी होतं की कुठलं आधी हे त्याला ठरवता येईना. पुढच्या रविवारी ती पुन्हा त्याच किनाऱ्यावर जाणार होती, एकटी नाही, तिथल्याच एका ओळखीच्या म्हातारीबरोबर, जिचा जन्म त्या चिखलात गेलाय. म्हातारी तिला पाणी कुठून आधी भरतं ते दाखवणार होती. दाखवलं की मलाही सांग, तो म्हणाला. कामावर जायची वेळ झाली म्हणून तिने फोन ठेवला.

तो वळला तर दारात कमल उभी होती. हातात वऱ्याच्या तांदळाचं ताट तसंच होतं. आतून तिने फक्त 'ये परत' एवढंच ऐकलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तो चेहरा त्याने गेल्या पाच वर्षांत पाहिला नव्हता.

"चेडू परत येता?" ती म्हणाली. "कधी येता? आतला कपाट रिकामा करूक व्हया."

गंगाधरने तिच्या हातातलं ताट घेऊन बाजूला ठेवलं आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"बस जरा," तो म्हणाला. "तुका सगळा सांगायचा आसा."